डावीकडून वारा, उजवा पाय

नाशिकला विमानाचं अप्रूप नाही. ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई इथल्याच कामगारांनी जोडली. गांधीनगरला सैन्याची हेलिकॉप्टरं चालवायला शिकवणारी शाळा आहे आणि नाशिकरोड, उपनगरच्या गच्च्यांवर वाळत घातलेले पापड त्या हेलिकॉप्टरांच्या आवाजातच वाळतात. तरीही बारावीनंतर ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणणाऱ्या इथल्या मुलामुलींना बहुधा गाव सोडावं लागतं. कुणी शिरपूरला जातं, कुणी धुळे-जळगावला, कुणी बारामतीला, कुणी पार गोंदियाला. हा लेख त्यांच्यासाठी आहे, त्यातही ज्यांचे सोलो, म्हणजे एकट्यानं करायची उड्डाणं, सुरू झालेत किंवा होऊ घातलेत त्यांच्यासाठी. थोडा त्यांच्या आईवडिलांसाठीही. विषय एकच, आडव्या वाऱ्यातलं टेकऑफ.

टेकऑफच का, लँडिंग का नाही? कारण लँडिंगची भीती सगळ्यांनाच असते आणि जिथे भीती असते तिथे सराव होतो. टेकऑफ सोपं वाटतं. थ्रॉटल पुढे सारला की विमान आपणच उडतं, असा समज पहिल्या दहा तासांतच पक्का होतो, कारण शांत हवेत ते खरोखरच तसं उडतं.

आपल्या भागात शिकाऊ विमानांच्या अपघातांच्या बातम्या अधूनमधून येतात. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ शिरपूरचं प्रशिक्षण विमान कोसळलं, त्यात प्रशिक्षक गेले. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एकटी विद्यार्थिनी विमानासह उतरली ती जखमी होऊनच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली. यांपैकी एकही अपघात मी आडव्या वाऱ्याच्या खात्यावर टाकत नाही. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. पण मोठ्या बातम्यांच्या खाली आणखी एक थर असतो. विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं, पंखाचं टोक घासलं, पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, कुणाला फारसं लागलं नाही. असल्या घटना छापून येत नाहीत. आडव्या वाऱ्यातले बहुतेक अपघात या थरात असतात. अपघात गवतापाशी थांबेल की पुढे जाईल, हे विद्यार्थ्याच्या एका निर्णयावर ठरतं.

हा अपघात बहुतेक वेळा एकाच चालीनं होतो. विमान समजा सेसना १५२, आत एकटा विद्यार्थी. वारा डावीकडून, आठ-दहा नॉटचा, मधूनच जोराचा झोत. थ्रॉटल पूर्ण. या विमानाचं नाक पूर्ण ताकदीवर मुळातच डावीकडे जायला बघतं, कारण पंखा पायलटच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि त्यानं मागे फेकलेली हवा मळसूत्रासारखी वळत शेपटीवर डाव्या बाजूनं आदळते. त्यात भर पडते ती डावीकडच्या वाऱ्याची. शेपटीचं उभं पातं मुख्य चाकांच्या बरंच मागे असतं. वारा त्याला ढकलतो, शेपूट उजवीकडे जाते आणि नाक पुन्हा डावीकडे. दोन्ही जोर एकाच दिशेला. उजवा पाय, म्हणजे नाक वळवणाऱ्या रडरच्या पायडलवरचा, लागतो तेवढा पडत नाही. विमान मधली पांढरी रेघ सोडतं. वेग पस्तीस-चाळीस नॉट. डाव्या कडेचे दिवे जवळ येऊ लागतात.

इथे विद्यार्थ्याला वाटतं, उचललं की सुटलो. तो कंट्रोल मागे ओढतो. विमान उठतंही, कारण जमिनीलगत पंखांना जरा जास्तीची उचल मिळते. पण सेसना १५२ चं नाक उचलायचा वेग ५० नॉट आहे आणि हे विमान त्याच्या आधीच उठलेलं असतं. जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर गेलं की ती जास्तीची उचल संपते. नाक वर, वेग वाढत नाही, वारा बाजूला ओढतोय, समोर झाडं किंवा हँगर. घाबरून आणखी ओढलं की विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, एक पंख खाली जातो आणि त्याचं टोक जमिनीला लागतं. थ्रॉटल पुढे सारल्यापासून इथपर्यंत अर्धं मिनिटही होत नाही.

यात पहिली चूक कमी पडलेल्या उजव्या पायाची. ती प्रत्येकाकडून होते, शिकतानाच होणार. जीव जातो तो दुसऱ्या चुकीनं. विमान रेघ सोडून चाललेलं असताना थ्रॉटल बंद करण्याऐवजी ते उचललं जातं. गवतात गेलेलं विमान दुरुस्त होतं. म्हणून थ्रॉटल पुढे सारण्याआधी स्वतःशी, आणि शेजारी इन्स्ट्रक्टर असतील तर त्यांना ऐकू जाईल असं बोलून ठेवा की रेघ आणि कड यांच्या मध्यापर्यंत सरकलो तर थ्रॉटल बंद. नाक झटकन वळलं आणि पायानं परत आलं नाही तर थ्रॉटल बंद. अर्धी धावपट्टी संपली आणि उचलायच्या वेगाच्या सत्तर टक्के, म्हणजे १५२ मध्ये ३५ नॉट, झाले नाहीत तरी थ्रॉटल बंद. तोंडानं बोललेलं हाताला आठवतं. मनातल्या मनात ठरवलेलं त्या दहा सेकंदांत सापडत नाही.

बंद करताना थ्रॉटल पूर्ण मागे, पायानं नाक सरळ, एलरॉन, म्हणजे पंखांच्या टोकांकडच्या हलत्या झडपा, वाऱ्याच्या बाजूलाच आणि ब्रेक दोन्ही पायांनी सारखा, हळूहळू. घाईत एकच ब्रेक जोरात दाबला गेला तर विमान गर्रकन फिरतं. गवतात जातच असाल तर सरळ जा. कंट्रोल मागे धरून पुढच्या चाकावरचा भार कमी करा. रेघेवर परत आणण्यासाठी तीव्र वळण मारू नका, पुढचं चाक तिथेच मोडतं.

आता वाऱ्याचा हिशेब. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची चुंबकीय दिशा, शेवटचं शून्य गाळून. ओझरची धावपट्टी ०९ आणि २७, म्हणजे पूर्व-पश्चिम. समजा २७ वरून निघायचंय आणि वारा ३१० अंशांवरून १४ नॉट, झोत २० नॉटपर्यंत. कोन चाळीस अंशांचा. मनातल्या मनात करायची रीत घड्याळाची आहे. कोन पंधरा अंशांचा असेल तर वाऱ्याचा पाव भाग आडवा, तीस असेल तर निम्मा, पंचेचाळीस असेल तर पाऊण आणि साठच्या पुढे सगळाच आडवा धरायचा. चाळीसला दोन तृतीयांश धरा. चौदाचा हिशेब केला तर आडवा वारा नऊ-सव्वानऊ नॉट येतो आणि मन म्हणतं, चालेल. विसाचा केला तर तेरा येतो.

सेसना १५२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १२ नॉट दिलाय, १७२ च्या पुस्तकात १५. हा आकडा विमानाला झेपू शकतं त्याची कमाल मर्यादा नसते. कारखान्याच्या चाचणी पायलटनं प्रमाणपत्रासाठी तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून आणि उडवून दाखवलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. काही विद्यार्थी याचा उलटा अर्थ काढतात की मर्यादा नाहीच तर मग जास्तही जमेल. तो चाचणी पायलट होता आणि त्याला त्या दिवशी फक्त तेच काम होतं. सोलो विद्यार्थ्याची मर्यादा संस्थेच्या नियमावलीत आणि इन्स्ट्रक्टरनी दिलेल्या परवानगीत असते आणि ती या आकड्यांपेक्षा बरीच खाली असायला हवी. हिशेब नेहमी झोताचा करायचा. विमान सरासरीनं ढकललं जात नाही.

वारा कोण सांगतं तेही पाहा. हवामानाच्या अहवालातला, म्हणजे मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो आणि टॉवर सांगतो तो चुंबकीय उत्तरेपासून. महाराष्ट्रात या दोन उत्तरांमध्ये जेमतेम अंशाचा फरक आहे, त्यामुळे इथे शिकलेल्यांना हा फरक असतो हेच पुढे आठवत नाही. तास पूर्ण करायला परदेशी जाणाऱ्यांनी तो आठवावा. काही प्रशिक्षण तळांवर पूर्ण वेळचा टॉवर नसतो, संस्थेचीच माणसं रेडिओवर वारा सांगतात. तो एका ठिकाणचा, एका क्षणाचा वारा. धावपट्टीवर वळल्यावर सॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या खांबावरच्या कापडी नळीकडे, स्वतः बघा आणि दहा-पंधरा सेकंद बघतच राहा. साधारण पंधरा नॉटला सॉक ताठ होतो. तो ताठ आहे की नाही यापेक्षा तो किती वेळा पडतोय आणि उठतोय, डावी-उजवीकडे किती फिरतोय, हे जास्त महत्त्वाचं. येवल्याच्या गच्चीवर संक्रांतीला आसारी धरून उभा असलेला पोरगा दोरीच्या ताणावरून सांगतो की वारा सलग नाही, तुटक आहे. तुमच्या हातात दोरी नाही, म्हणून सॉक बघायचा.

शंका वाटली तर ‘विंड चेक’ विचारा. यात कमीपणा नाही. दोनदा विचारलं तरी नाही.

धावपट्टीच्या कडेला हँगर असेल, झाडांची रांग असेल तर त्यांच्या आडोशाला वारा थांबतो किंवा गोल फिरतो आणि आडोसा संपला की पूर्ण झोत एकदम अंगावर येतो. विमान नेमकं तेव्हा अर्धं चाकांवर, अर्धं पंखांवर असतं. आपल्या तळावर हा आडोसा कुठे संपतो हे पहिल्या आठवड्यातच चालत जाऊन बघून ठेवा.

जुन्या काळी हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. जुहूला १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात तिथे एवढा चिखल व्हायचा की टाटांची टपालाची विमानं पुण्याला हलवावी लागत. मोकळ्या गवती मैदानाचा एक फायदा होता. वारा जिकडून, तिकडे तोंड करून निघायचं. सिमेंट-डांबराची पट्टी आली, विमानं जड झाली, पाऊस-चिखलाची अडचण गेली आणि त्या बदल्यात आडवा वारा कायमचा गळ्यात पडला.

टेकऑफची रीत पुस्तकात आहे, इन्स्ट्रक्टर शिकवतातही. तरी ती जिथे मोडते त्या जागा सांगतो. सुरुवातीला एलरॉन पूर्ण वाऱ्याच्या बाजूला. वारा डावीकडून असेल तर कंट्रोल पूर्ण डावीकडे. वेग कमी असताना एलरॉनला ताकद नसते म्हणून तो पूर्ण लागतो; वेग वाढेल तसा हळूहळू कमी करत यायचा. विद्यार्थी दोन प्रकारे चुकतात. काही जण रेघेवर येताना एलरॉन लावतात आणि थ्रॉटल पुढे गेला की सगळं लक्ष पायांकडे जाऊन हात आपोआप मध्यावर येतो. मग वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, विमान एका चाकावर उड्या मारत बाजूला सरकतं. दुसरे काही जण पूर्ण लावलेला एलरॉन तसाच ठेवून उचलतात आणि चाकं सुटल्याबरोबर विमान वाऱ्याकडे कलंडतं. मधलं जे हळूहळू सोडणं आहे तेच शिकायचं आणि ते जमिनीवर बोलून शिकता येत नाही.

पायांचं सूत्र शीर्षकात आहे. डावीकडून वारा असेल तर उजवा पाय, कारण इंजिन आणि वारा दोघंही नाक डावीकडे नेतात. उजवीकडून वारा असेल तर दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात आणि पायाला काम कमी वाटतं. त्यामुळे उजवीकडच्या आठ नॉटमध्ये छान जमलेलं टेकऑफ डावीकडच्या आठ नॉटबद्दल काहीच सांगत नाही. डावीकडच्या वाऱ्याचा सराव वेगळा मागून घ्या.

उचलताना नेहमीपेक्षा किंचित जास्त वेग होऊ द्यायचा आणि मग ठामपणे उचलायचं, म्हणजे विमान परत चाकांवर टेकत नाही. वाऱ्यानं बाजूला सरकत असताना चाकं पुन्हा टेकली तर सगळा आडवा भार चाकांच्या दांड्यांवर येतो. पण ‘जास्त वेग होऊ द्या’ याचा अर्थ कंट्रोल पुढे दाबून विमान जमिनीला चिकटवून ठेवा असा नाही. तसं केलं तर भार पुढच्या चाकावर जातो, मुख्य चाकं हलकी होतात आणि विमान त्या एका चाकाभोवती फिरू बघतं. फ्लॅप लागतील तेवढेच, शक्य तितके कमी. हवेत गेल्यावर नाक हलकेच वाऱ्यात वळवायचं, पंख समांतर, उपकरणातला चेंडू मध्यावर. खाली धावपट्टीची रेघ जिकडे जाते तिकडेच तुमचा मार्ग गेला पाहिजे, नाक भले आठ अंश बाजूला बघत असेल.

टॅक्सी करतानाही हात सोडून बसू नका. वारा पुढून-बाजूनं असेल तर एलरॉन वाऱ्याकडे, मागून-बाजूनं असेल तर वाऱ्यापासून दूर आणि कंट्रोल पुढे. सेसनाचे पंख वर असतात आणि विमान हलकं. मागून आलेल्या झोतानं उभं विमानही कलंडलेलं आहे.

उन्हाळा हा या सगळ्याचा छुपा साथीदार. ओझरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट. मे महिन्यात दुपारी पारा चाळीसला गेला की तिथली हवा इंजिनाला आणि पंखांना पाच हजार फुटांच्या वरच्या हवेसारखी विरळ लागते. विमान हळू वेग घेतं, धाव लांबते. लांबलेली धाव म्हणजे पट्टी कमी पडण्याची भीती, हे सगळ्यांना समजतं. पण आडव्या वाऱ्यात तिचा दुसराही अर्थ आहे. ज्या अर्धवट अवस्थेत विमान ना धड जमिनीवर असतं ना हवेत, त्या अवस्थेत तुम्ही जास्त सेकंदं अडकता आणि तेवढ्या वेळात एखादा झोत येण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात सकाळी लवकर उडा. दहानंतर खानदेशात जमीन तापते, वावटळी उठतात, वाऱ्याला दिशा राहत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ दूरवर उभं असलं तरी त्याच्याखालून निसटलेला थंड वारा कित्येक किलोमीटर पुढे येऊन मिनिटाभरात धावपट्टीवरचा वारा उलटा करतो. पाऊस इथे पडत नाहीये म्हणून निघू नका.

आपल्या हवामानात मला सर्वात धोक्याची वाटते ती मात्र वेगळीच गोष्ट. पावसाळ्यात उड्डाणं कमी होतात. वारा असतो पण तो नैऋत्य-पश्चिमेचा, पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांवर बराचसा समोरून येणारा. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तास भरायचा हंगाम. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या छापून येतात त्या दिवसांत सकाळची हवा गोठल्यासारखी असते, सॉक खांबाला चिकटलेला. या काळात सुरू केलेला विद्यार्थी साठ-सत्तर तास करतो, सोलो करतो, आत्मविश्वास येतो आणि त्यानं आठ नॉटचा आडवा वारा एकदाही नीट हाताळलेला नसतो. मार्च उजाडतो. त्याच्या लॉगबुकात तास दिसतात, वारा दिसत नाही. ते बघून त्याला पाठवणाऱ्यालाही दिसत नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करा. प्रत्येक उड्डाणानंतर लॉगबुकाच्या शेऱ्याच्या रकान्यात आडव्या वाऱ्याचा आकडा आणि बाजू लिहा. ‘डावीकडून ६, झोत ९.’ एवढंच. इन्स्ट्रक्टरबरोबर असाल तर तेही कळेल असं लिहा. महिन्याअखेरीस ती पानं उलटली की तुमचा खरा अनुभव दिसेल. आणि सोलोसाठी स्वतःची मर्यादा त्यावरून ठरवा. गेल्या महिनाभरात इन्स्ट्रक्टरबरोबर जेवढा आडवा वारा तुम्ही त्यांचा हात न लागता हाताळला, त्याच्या निम्म्यात एकटं जा. हा निम्म्याचा आकडा माझा आहे, कुठल्या नियमाचा नाही. तुमच्या संस्थेची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची.

तास आणि वारा यांतली ही तफावत शिकाऊ पायलटपुरती नाही. २० डिसेंबर २००८ च्या संध्याकाळी अमेरिकेत डेन्व्हरला कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं बोइंग ७३७ टेकऑफसाठी धावत होतं. कॅप्टनच्या गाठीशी हजारो तास. टॉवरनं वारा सांगितला २७० अंशांवरून २७ नॉट, धावपट्टी जवळपास उत्तरेकडे, म्हणजे वारा डावीकडून आणि जवळजवळ पूर्ण आडवा. धावपट्टीवर प्रत्यक्ष आलेला झोत ४५ नॉटपर्यंतचा होता. कॅप्टननं उजवा रडर दिला होता, आणि मग तो सोडला. चारेक सेकंदांत विमान डावीकडे धावपट्टीबाहेर गेलं, त्याला आग लागली. आतले ११५ जण वाचले, बरेच जखमी झाले. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं कारण लिहिलं ते उजवा रडर सुटण्याचं, पण त्याच वाक्यात असंही नोंदवलं की तो झोत कॅप्टनच्या प्रशिक्षण आणि अनुभवापलीकडचा होता. विमानतळावर दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रांना जास्त वारा दिसत होता, तो पायलटपर्यंत पोचला नाही. आणि कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये झोत नीट उभे केलेलेच नव्हते. म्हणजे तिथेही सराव झाला होता तो गुळगुळीत वाऱ्यात.

त्या अहवालातून आपल्या सेसनापर्यंत येणारी एक गोष्ट म्हणजे पाय सोडायचा नाही. नाक परत येतंय असं वाटलं की हलकाच सैल करायचा, पण पायडलवरचा दाब चाकं सुटेपर्यंत जिवंत ठेवायचा.

आता अवघड भाग. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः पायलट म्हणून. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो, बहुतेक घरांत कर्ज असतं. विमानं कमी, विद्यार्थी जास्त, नंबर लागायला दिवस जातात. सकाळी नऊचा स्लॉट मिळाला, विमान तयार आहे, मागे तिघं रांगेत आहेत आणि सॉक बाजूला ताठ झालाय. अशा वेळी ‘सर, आज मी जात नाही’ हे वाक्य तोंडातून निघायला फार जड असतं. हेच वाक्य थोडं वेगळं करून बघा. ‘सर, क्रॉसविंड अकरा येतोय, माझी मर्यादा सहा आहे. तुमच्यासोबत ड्युअल जाऊया का?’ नकाराच्या जागी आकडा आला की वाद उरत नाही आणि एरवी झालाच नसता असा एक सराव पदरात पडतो. चांगला इन्स्ट्रक्टर याला होच म्हणतो. जो चिडतो, त्याच्याबद्दल मुख्य प्रशिक्षकांशी बोला. ही तक्रार नव्हे, ते त्यांचं कामच आहे.

आईबाबांनी फोनवर काय विचारावं याचाही इथे संबंध येतो. ‘किती तास झाले?’ हा प्रश्न रोज विचारला गेला की मुलगी तास मोजायला लागते. मोठ्या रकमेचा हप्ता भरणाऱ्यानं तो विचारू नये असं कसं म्हणणार. पण आठवड्यातून एकदा पुरे. प्रवेश घेण्याआधी मात्र संस्थेला भरपूर विचारा. सोलो विद्यार्थ्यासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा किती आहे आणि ती लिहिलेली आहे का? आडव्या वाऱ्याचं ड्युअल प्रशिक्षण सोलोच्या आधी होतं की जमेल तसं? वाऱ्यामुळे उड्डाण रद्द केलं तर विद्यार्थ्याचा नंबर रांगेच्या शेवटी जातो का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून संस्थेबद्दल पुष्कळ कळतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली आहे, सुरक्षितता हा त्यातला एक निकष आहे. ती यादी पाहा, पण त्यावर थांबू नका. एक दिवस तळावर जाऊन बसा आणि वाऱ्याच्या दुपारी विमानं उभी राहतात की उडतात ते बघा.

एवढं करूनही एखाद दिवशी गवतात जाल. तेव्हाचा क्रम आधी पाठ हवा. मिक्सचर बंद, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर स्विच बंद आणि बाहेर. पंख्याच्या बाजूनं नाही, मागच्या बाजूनं. विमान ठीक दिसलं तरी स्वतः टॅक्सी करत हँगरकडे आणू नका. आडवा भार सोसलेल्या चाकाची भेग बाहेरून दिसत नाही, ती इंजिनिअरच बघतील. कुणाला लागलं असेल किंवा विमानाचं मोठं नुकसान झालं असेल तर तपासणी होईपर्यंत जखमींना काढण्यापलीकडे कशालाही हात लावायचा नाही. अपघाताची चौकशी दोषी ठरवण्यासाठी नसते, तसाच चौकशीचा हेतू आंतरराष्ट्रीय नियमात सांगितलाय, तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं सांगा. पाय कमी पडला असेल तर पाय कमी पडला म्हणा. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, वारा किती सांगितला होता, सॉक कसा दिसत होता, नाक कुठे वळलं आणि थ्रॉटल केव्हा बंद केला हे कागदावर उतरवून ठेवा; दोन दिवसांनी मन त्यात स्वतःच्या सोयीचे बदल करायला लागतं. डोकं आपटलं असेल तर त्रास होत नसला तरी डॉक्टरांना दाखवा आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचं काय ते संस्थेला विचारून घ्या. आणि पुढचं उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबर, वारा असलेल्या दिवशी, त्याच बाजूच्या वाऱ्यात मागा.